शिट्टीनंतरचे नमस्कार

गिरिजा वाकली. समोरच्या मुलीच्या पायाला तिनं बोटं लावली, ती बोटं छातीशी नेली, मग कपाळाशी. तेवढ्यात ती मुलगी तिच्या शेजारून निघून रिंगखाली पोचली आणि तिनं निवांत बास्केट केलं.

"गिरजे!" मी ओरडले. "अगं काय करतेस?"

"पाय लागला, बाई."

"मग?"

गिरिजा माझ्याकडं बघत राहिली. पाय लागल्यावर नमस्कार करायचा, यात 'मग' कुठून आलं, हे तिला कळेना.

"बाई, हिला खेळायला देवळातच पाठवा," नली म्हणाली. नली म्हणजे नलिनी शिकलगार, आत्ता गिरिजाच्या शेजारून निघून गेलेली, आमची एकमेव बास्केट करणारी मुलगी. त्यामुळं तिला बोलायचा हक्क आहे असं ती समजायची. "काल हिचा पाय बॉलला लागला, तर बॉलच्यासुद्धा पाया पडली. परवा खांबाच्या."

बाकीच्या हसल्या. गिरिजा हसली नाही. ती तेरा वर्षांची, काटकुळी, महादेवाच्या देवळातल्या शंकर गुरवाची थोरली. त्या घरात झाडूला पाय लागला तरी नमस्कार, पुस्तकाला लागला तरी नमस्कार. त्यात माणसाला लागला म्हणजे झालंच. आणि बास्केटबॉलमध्ये पाय लागल्याशिवाय बचाव होत नाही.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि कन्याशाळेत शिवण शिकवत होते. आमचं गाव सांगलीपासून एस.टी.नं दीड तासावर. खेळाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि तिकडूनच बदली घेऊन मोकळ्या झाल्या, तेव्हा मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं.

"कुंभार बाई, तुमचे तास कमी आहेत. बास्केटबॉलचा संघ तुम्ही बघा."

"मोठ्या बाई, मला त्यातलं काहीच येत नाही."

"शिवण तरी कुठं येत होतं? शिकलातच ना?"

हे मात्र खरं होतं. शिवण मी मावशीचा ब्लाऊज उसवून शिकले होते. तो पुन्हा जुळवता आला नाही आणि मावशी वर्षभर बोलली नाही, पण बाही कशी बसवतात ते कळलं. बास्केटबॉलही मी तसाच उसवला. दर शनिवारी दोरे-बटणं आणायला सांगलीला जायचे, तेव्हा वाटेवरच्या एका कॉलेजच्या मैदानाच्या तारेला नाक लावून उभी राहायचे. आत मुलं खेळायची, त्यांचे सर त्यांना शिव्या घालायचे आणि मी त्या शिव्या वहीत उतरवून घ्यायचे. शिव्या गाळून उरायचं ते शिक्षण.

एक गोष्ट मात्र मला कधीच जमली नाही. माझा चेंडू रिंगमध्ये जायचा नाही. रोज संध्याकाळी मुली घरी गेल्यावर मी एकटी टाकत बसायचे. तो रिंगला लागायचा, फळीला लागायचा, एकदा मोठ्या बाईंच्या खिडकीला लागला. शेवटी मी मनाशी ठरवलं, की ज्याला चेंडू टाकायला शिकवता येत नाही त्यानं दुसऱ्याला टाकू न देणं शिकवावं.

ते मला शिकवता येत होतं, कारण ते शिवणासारखंच होतं.

"गुडघे वाका. बसल्यासारखं करा, पण बसू नका. खाली स्टूल आहे समजा आणि त्याच्यावर ओला रंग आहे."

"बाई, मांड्या भरल्या."

"भरू देत. आता बाजूला सरका. पायात पाय अडकवायचा नाही. कच्चा टाका कसा घालतो आपण? बारीक-बारीक, एकापुढं एक, मध्ये अंतर सारखं. तसं."

हात पसरायला सांगितले, तर एकीचाही हात खांद्याच्या वर जाईना. मला वाटलं लाजतायत. मग बघितलं तर गणवेशाचे ब्लाऊज बगलेत घट्ट होते, हात वर केला की टर्रकन उसवायचे. दोन दिवस मैदान बंद ठेवून मी दहा जणींच्या बगलेत कापडाचे जादा चौकोन जोडून दिले. तिसऱ्या दिवशी दहा पोरींनी हात पसरले, तर मैदानच लहान वाटायला लागलं.

आणि नजर. सगळ्या चेंडूकडं बघायच्या.

"चेंडूकडं नाही. तिच्या डोळ्यांकडंही नाही. परकराचं माप घेताना नजर कुठं असते? कंबरेवर. तिथंच ठेवायची. डोळे फसवतात, हात फसवतात, खांदे फसवतात. कंबर जाईल तिकडंच मुलगी जाते."

हे सगळ्यांत आधी गिरिजाला कळलं. ती कुणाच्या तोंडाकडं बघायचीच नाही, आधीपासूनच. तिला देवळात सवय होती, गाभाऱ्याच्या दारात बसून नजर खाली ठेवायची. तीच सवय मैदानात कामाला आली. पुढची कुठं वळणार हे तिला त्या मुलीच्या आधी समजायचं. फक्त तिथं पोचली, पाय लागला, की वाकायची.

मी तिला दटावलं. "मैदानावर नमस्कार बंद. एकदम बंद. परत केलास तर संघातून काढीन."

तिनं मान हलवली. दोन दिवस नमस्कार केला नाही. आणि दोन दिवस तिला बचावही करता आला नाही. पाय लागेल या भीतीनं ती हातभर लांब उभी राहायची, आणि नली तर तिच्या शेजारून गाणं म्हणत निघून जायची.

तिसऱ्या दिवशी शिवणाच्या वर्गाच्या दारात तिचे वडील उभे राहिले. चपला बाहेर काढलेल्या, काखेत बेलाच्या पानांची टोपली.

"येऊ का, बाई?"

"या ना अण्णा."

"पोरगी नीट जेवंना. म्हनती, बाई नमस्कार करू देत न्हाईत."

मी समजावून सांगायला लागले. पाय लागणारच, वाकलं की मुलगी निघून जाते, वगैरे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मशीनवर पडलेला धाग्याचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळत राहिले.

"बाई, पूजेत माझं लई चुकतं," ते म्हणाले. "मंत्र इसरतो. बेल उलटा पडतो. परवा तर अभिषेकाचं भांडंच लवंडलं. दर चुकीला हात जोडत बसलो तर म्हादेव दुपारपातूर उपाशी. म्हणून चुकलं तरी म्होरं जायाचं. आन् पूजा सरली की शेवटाला एकदाच हात जोडायचं. काय चुकलं-माकलं आसंल ते पदरात घे म्हणायचं."

"म्हणजे?"

"म्हंजे शिट्टी वाजल्यावर कर म्हणावं की तिला. सगळं एकदम. फकस्त इसरायचं न्हाई. इसरलं तर मग त्यो नमस्कार कसला?"

मी कॉलेजच्या तारेला वर्षभर नाक लावून जे शिकले नव्हते, ते या माणसानं टोपली काखेतून खाली न ठेवता सांगितलं.

जाता जाता ते दारात थांबले.

"ते पुण्याच्या वसतिगृहाचं खरं हाय का, बाई? गिरजा म्हनत हुती."

"खरंय. जिल्ह्याच्या स्पर्धेतून दोन मुली निवडतात. राहणं, जेवण, शाळा, खेळ, सगळं तिकडंच. बारावीपर्यंत."

"येत्या पाडव्याला देवळाची वहिवाट माझ्या चुलतभावाकडं जाती. तीन वर्सं त्याची. आमी मेव्हण्याच्या गुऱ्हाळावर ऱ्हायला जानार. तितं शाळा न्हाई." त्यांनी बोटावरचा धागा सोडवला. "घेतील हिला?"

खोटं बोलणं बरं नव्हतं. "अण्णा, ते बास्केट करणाऱ्यांना घेतात."

"आन् ही काय करती?"

"ही करू देत नाही."

शंकर गुरव पहिल्यांदाच हसले. "घरातबी तसंच हाय."

त्या संध्याकाळी मी गिरिजाला नियम सांगितला. नमस्कार करायचे, पण शिट्टीनंतर. तोवर लक्षात ठेवायचे. तिचा चेहरा असा उजळला, की नलीसुद्धा गप्प बसली. सराव संपला की गिरिजा एकेकीपुढं जाऊन उभी राहायची. "नले, तुझे चार. दोन तिकडच्या कोपऱ्यात, एक मधल्या रेघेवर, एक तू पडलीस तेव्हा." वाकायची, मोजायची, मोकळी व्हायची.

आमच्यात उंच कुणी नव्हतं, म्हणून तिच्यासमोर चेंडू घेऊन मीच उभी राहायचे, भावाचे कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून. पहिल्या आठवड्यात माझ्या पायाची दोन नखं काळी पडली. सराव संपल्यावर ती माझ्यासमोर वाकायला लागली, तेव्हा शनिवार होता आणि मला सांगलीच्या एस.टी.ची घाई होती.

"माझे राहू देत गं. उशीर होतोय."

"बरं बाई. ठेवते," ती म्हणाली.

मी ते तिथंच विसरले.

स्पर्धा डिसेंबरात झाली, सांगलीला, सिमेंटच्या मैदानावर. आमच्या पोरींनी आयुष्यात पहिल्यांदा सिमेंटवर पाय ठेवला. नली म्हणाली, "बाई, हितं पडलं तर लागतं वो." आम्ही कशाबशा दोन सामने जिंकून तिसऱ्याला पोचलो, आणि समोर शहरातली शाळा. त्यांच्यात अकरा नंबरची मुलगी होती, मृणाल. उंच, पांढरे बूट, डोक्याला पट्टी. आदल्या दिवशी तिनं एकटीनं बावीस गुण केले होते.

मैदानाच्या कडेला छत्रीखाली निवड समितीच्या बाई बसल्या होत्या. पांढरे आखूड केस, काळा चष्मा, मांडीवर वही. आधीच्या सामन्यात मी त्यांच्या मागून जाऊन डोकावून पाहिलं होतं. वहीत नावं होती आणि नावांपुढं गुण. गुण नसलेल्यांची नावंच नव्हती.

मी गिरिजाला बाजूला घेतलं. "अकरा नंबर तुझी. ती पाणी प्यायला गेली तरी तुझी."

"बरं बाई."

"आणि नमस्कार?"

"शिट्टीनंतर."

सामना सुरू झाला आणि पहिली दहा मिनिटं लोकांना वाटलं, अकरा नंबरच्या मुलीचा आज दिवस बरा नाही. ती डावीकडं वळली की तिथं गिरिजा. उजवीकडं वळली की तिथं गिरिजा. हात पसरलेले, गुडघे वाकलेले, नजर त्या पांढऱ्या चड्डीच्या नाडीवर. मृणाल वैतागली. तिचे सर ओरडले, "अगं, त्या काडीला ओलांडता येईना तुला?" पंचांनी गिरिजाला दोन फाउल दिले, तिसरा द्यायला शिट्टी तोंडात घेतली आणि परत काढली.

छत्रीखालच्या बाई नलीचं नाव लिहीत होत्या, मृणालचं लिहीत होत्या, समोरच्या संघातल्या पाच नंबरच्या मुलीचं लिहीत होत्या. गिरिजाच्या हातात चेंडू आलाच तर ती तो पेटता निखारा असल्यासारखा नलीकडं फेकायची.

शेवटच्या मिनिटाला वीस-वीस. मृणाल चेंडू घेऊन रिंगकडं निघाली. गिरिजा तिच्यापुढं सरकत राहिली, बारीक टाक्यांनी, मागं मागं. रिंगखाली दोघींचे पाय एकमेकींत आले. मला इतक्या लांबून दिसलं. गिरिजाचा उजवा हात खाली जायला लागला. गुडघ्यापर्यंत गेला. तिथं तिनं मूठ आवळली आणि तोच हात, मुठीसकट, वर नेला. मृणालला चेंडू टाकता आला नाही. तिनं तो पाच नंबरकडं दिला. पाच नंबरला आमच्यातल्या एकीनं फाउल केला आणि मिळालेल्या दोन फेकींतली एक तिनं घातली.

एकवीस-वीस. शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

नली रडायला लागली, तिच्यामागं बाकीच्या. मी पाण्याचा कॅन घेऊन उभी होते. छत्रीखालच्या बाई वही मिटून उठल्या होत्या. गुऱ्हाळ, मी मनात म्हटलं. पाडव्यापासून गुऱ्हाळ.

गिरिजा कुठं दिसेना. मग दिसली. ती शहरातल्या संघाच्या घोळक्यात शिरली होती आणि मृणालच्या पायाशी वाकत होती. एकदा. उठली. परत वाकली.

"ए, काय करतेस?" मृणाल मागं सरली. "सर, ही बघा काय करतीये!"

"हलू नका ताई, मोजताना चुकंल," गिरिजा म्हणाली. "तीन."

हसण्याचा आवाज ऐकून छत्रीवाल्या बाई वळल्या आणि तिकडं गेल्या. मीही धावले, पदर सावरत.

"काय चाललंय हे?"

"पाय लागले हुते, बाई," गिरिजा म्हणाली. "नऊ."

"नऊ कुठले?" मृणाल म्हणाली. "मला दोनदा लागला. फार तर तीनदा."

"नऊच. पहिला तितं, खांबाजवळ. तुमी उजवा खांदा पुढं केला, पर जानार डावीकडं हुता, म्हणून मी डावीकडं आधीच पाय ठेवला, त्यावर तुमचा पडला. दुसराबी तसाच. तिसऱ्याला तुमी डोळ्यांनी त्या पाच नंबरच्या ताईकडं बघितलं, पर कंबर हलली न्हाई, म्हणून मी हलले न्हाई. चौथा..."

ती बोलत गेली. एकेक पाय कुठं पडला, मृणाल कुठं जाणार होती, कुठं जाते असं दाखवत होती. गिरिजा मैदानाकडं बघतसुद्धा नव्हती. मृणालचं हसू हळूहळू बंद झालं. नववा सांगून झाला, तेव्हा बाईंनी चष्मा काढला.

"मृणाल, काल किती केलेस?"

"बावीस."

"आज?"

मृणालनं खाली पाहिलं. "सहा."

बाईंनी वही पुन्हा उघडली. "तुला हे कुणी शिकवलं?"

"शिवणाच्या बाईंनी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या गळ्यात मापाची टेप होती. सकाळी नलीच्या चड्डीचा बंद घातला होता, तेव्हापासून ती तिथंच राहिली होती.

"नाव काय तुझं?" त्यांनी तिला विचारलं.

"गिरिजा शंकर गुरव. बाई, अजून सहा करायचे राहिलेत."

"कर," बाई म्हणाल्या. "मी थांबते." आणि खरंच थांबल्या, पेन हातात धरून.

फेब्रुवारीत शाळेच्या पत्त्यावर पत्र आलं. मोठ्या बाईंनी ते प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं आणि नलीनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, त्याबद्दल तिला अंगठे धरून उभं राहावं लागलं.

पाडव्याच्या आदल्या दुपारी मी वर्गात मशीनवर बसले होते. गिरिजाच्या पिशवीला नाड्या लावायच्या होत्या. देवळामागच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, बिऱ्हाड टेंपोत चढलं होतं. अण्णा तिला पुण्याला सोडून तसेच गुऱ्हाळावर जाणार होते. ती दारात आली. चपला काढल्या आणि माझ्या मशीनच्या खाली, पायडलजवळ बसली.

"अगं वर बस."

"बाई, तुमचे राहिलेत."

"काय?"

"नमस्कार. तुमी म्हणला हुता, राहू देत. एकशे एकसष्ट हायेत."

मी हसले. "वेडी आहेस का? अण्णा खोळंबलेत."

"मशीन थांबवा. पाय हलतोय तुमचा."

मी थांबवलं. ती करत राहिली. पायाला बोटं, छातीला, कपाळाला. पहिल्या दहांना मी हसत होते. मग हसणं थांबलं. वर्गात कुणी नव्हतं, खिडकीतून मैदानावरची रिंग दिसत होती, आणि ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. माझी काळी पडलेली नखं केव्हाच नवी आली होती. कुठला पाय कुठल्या संध्याकाळचा, हे तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. शिवण असो की खेळ, एकाही मास्तरानं मला कधी काही शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला काही शिकवतेय असं मला तोवर खरं वाटलं नव्हतं.

एकशे साठ झाले. मी पाय मागं घेतला.

"एक राहू दे."

"का, बाई?"

"असू दे."

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. तोंडाकडं नाही, मी शिकवलं होतं तिथं. मी चेहरा अगदी हसरा ठेवला होता, पण बसल्या जागी मी खुर्ची आवळून धरली होती. तिनं ओळखलं. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेली.

याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. त्याच वसतिगृहात ती आता मुलींना शिकवते. जाडी झालीय, गळ्यात शिट्टी असते, पोरी तिला घाबरतात म्हणे. दर दिवाळीला येते. फराळ करते, माझ्या गुडघ्यांवरून मला बोलते, माझ्या मशीनला तेल घालते. बसते मात्र जपून, पाय पोटाशी घेऊन, की चुकूनसुद्धा मला लागू नये.

निघताना दारात वळते.

"बाई, एक राहिलाय."

"राहू दे," मी म्हणते.